येशूकडून रोजच्या जगण्यात शिकायचं कसं? सारखे विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं छोटं गाव, ख्रिस्ती घरं अगदी थोडी, अन् दर बुधवारी संध्याकाळी बायकांची प्रार्थना असते. त्या प्रार्थनेत, रविवारी उपासना झाल्यावर, कापूस वेचताना, आजूबाजूच्या गावातून फोनवर लोक जे परत परत विचारतात ते इथं गोळा केलंय. मी पाळक म्हणजे चर्चची धर्मगुरू नाही, पाळक घडवणाऱ्या सेमिनरीत गेलेली नाही, कास्तकाराच्या घरची आहे अन् बरीच वर्षं संडे स्कूल घेते. मंडळ्यामंडळ्यांत, म्हणजे चर्चाचर्चांत, जिथं मत वेगळं आहे तिथं तसं सांगितलंय. बायबलमधल्या वचनांचे आकडे दिलेत (पुस्तकाचं नाव, अध्याय, मग वचन) ते उघडून स्वतः बघा, मी म्हणते म्हणून मानू नका.

1. येशू तर प्रभू आहे, मग त्याला गुरू म्हणणं म्हणजे त्याला कमी लेखणं नाही का?

नाही. शेवटच्या रात्री शिष्यांचे पाय धुऊन झाल्यावर तो स्वतःच म्हणतो की तुम्ही मला गुरू अन् प्रभू म्हणता ते बरोबर आहे, मी आहेच (योहान 13:13). दोन्ही शब्द एकाच दमात घेतले त्यानं. नुसता गुरू म्हणून थांबलं तर क्रूस अन् पुनरुत्थान बाजूला राहते हे खरं, पण आमच्याकडे मला उलटीच अडचण जास्त दिसते, प्रभू प्रभू म्हणायचं, टाळ्या वाजवून गाणी म्हणायची, अन् भांडलेल्या जावेशी सहा महिने बोलायचं नाही. त्यावरही तो बोललेला आहे, लूक 6:46 काढून बघा.

2. शिष्य म्हणजे ते बारा जण ना? आम्ही तर साधे विश्वासी.

बारा जण प्रेषित होते. शिष्य म्हणजे शिकणारा, बस. स्वर्गात जाण्याआधी येशूनं जे सांगितलं त्यात सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, अन् मी जे सांगितलं ते त्यांना पाळायला शिकवा, असं आहे (मत्तय 28:19-20). "पाळायला" हा शब्द माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, पाठ करायला किंवा ऐकायला असं तो म्हणत नाही.

मी पोरींना भाकरीचं उदाहरण देते. ज्वारीची भाकर थापायला कोणाच्या मायनं वहीत लिहून दिलं होतं का? चुलीजवळ बसायचं, हात बघायचे, आपण थापायची, फाटायची, माय म्हणायची पीठ नीट मळलं नाही, परत थापायची. त्या काळात रब्बीचे, म्हणजे यहुदी गुरूचे, शिष्य असेच शिकायचे, त्याच्यासोबत चालायचे, जेवायचे, तो लोकांशी कसा बोलतो ते बघायचे. आपण शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचं पुस्तक, वाचतो ते त्याचे हात बघायला वाचतो.

3. माझी माय अंगठा लावते. तिले वाचता येत नाही, ती कशी शिकीन?

येशूचे शिष्य पेत्र अन् योहान यांना सुद्धा धर्मसभेतल्या लोकांनी न शिकलेली, साधी माणसं म्हटलं होतं, अन् त्याच वचनात लिहिलंय की हे येशूच्या सोबत होते हे त्यांच्या ध्यानात आलं (प्रेषितांची कृत्ये 4:13). म्हणजे वाचता न येणं ही अडचण पहिल्या दिवसापासून आहे अन् ती कधीच आड आली नाही.

येशूनं शिकवलेलं बरंचसं कानानं धरून ठेवायच्या गोष्टी आहेत, हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं, पीठ फुगवणारं खमीर. मायला एक दृष्टांत सांगा अन् दुसऱ्या दिवशी तिच्याकडून ऐका, नातवंडांना सांगायला लावा. मोबाईलवर मराठी ऑडिओ बायबल फुकट मिळते, पोरानं लावून द्यायचं. अन् भजनं आहेतच. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आमच्या कितीतरी म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहेत ज्यांना अक्षर येत नाही, त्यांचं अर्धं बायबल तिथूनच झालंय.

4. सुरुवात कुठून करू? उत्पत्तीपासून वाचायला घेतलं की लेवीयपर्यंत जाऊन गाडी अडकते.

मार्कपासून करा. सगळ्यात छोटं शुभवर्तमान, 16 अध्याय, रोज एक म्हटलं तर सोळा दिवसांत होते. ते झालं की मत्तय 5 ते 7, डोंगरावरचं प्रवचन, पण ते धावत वाचू नका, आठवड्याला चारपाच वचनं पुरे. आम्ही एकदा "तुमचं होय तर होय, नाही तर नाही" (मत्तय 5:37) एवढ्यावर तीन बुधवार काढले, कारण दुसऱ्या बुधवारी एक ताई म्हणाली मी आठवडाभर बोलताना मोजलं, दिवसात चार वेळा शपथ खाते.

5. बायबलची मराठी फार जड जाते. समजतच नाही, मग काय शिकणार?

ही तक्रार जुनी अन् खरी आहे. पंडिता रमाबाईंनी म्हणूनच मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत अख्खं बायबल भाषांतर केलं, 1922 ला त्या गेल्या अन् 1924 ला ते छापून पुरं झालं. आता सोप्या मराठीतल्या आवृत्त्या मिळतात, त्या वापरायला काही कमीपणा नाही. उपासनेत जुनी, घरी सोपी, असं आम्ही करतो. अन् समजलं नाही तर आपल्या वऱ्हाडीत सांगून बघा. मी संडे स्कूलमध्ये उधळ्या पोराची गोष्ट वऱ्हाडीत सांगते, "बापानं दुरूनच पायलं अन् पयतच गेला", पोरं एकदम गप्प होऊन ऐकतात.

6. सीझनमध्ये वेळ कुठून काढू? पहाटे चारला उठून स्वयंपाक, मग वेचणी, रात्री डोळे मिटतात.

पहाटे उठून एकांतात प्रार्थना कर असं सांगणारे बरेच भेटतात अन् येशू तसं करायचाच (मार्क 1:35). पण जी बाई आधीच चारला उठते तिला अजून तीनला उठ म्हणणं मला पटत नाही. येशूनं शिकवलं कुठं ते बघा, रस्त्यानं चालताना, विहिरीच्या काठावर, जेवताना, होडीत, धान्याच्या वावरातून जाताना. वेगळी शाळा नव्हतीच.

सकाळी एक वचन घ्या, एकच. ते दिवसभर सोबत ठेवा, वेचताना हात चालतात पण डोकं मोकळं असते. रात्री झोपायच्या आधी एवढंच विचारायचं की आज त्यातलं काय केलं. काही केलं नसेल तर तेच वचन उद्या परत. आमच्यातली एक जण एकाच वचनावर पंधरा दिवस होती, तिची प्रगती कमी झाली असं मला तरी वाटलं नाही.

7. "माझं जू घ्या" असं येशू म्हणतो. आधीच कर्जाचं, लेकरांचं ओझं कमी आहे का, अजून जू कशाले?

हा प्रश्न मला फार आवडतो कारण तो जू बघितलेल्या माणसाचा आहे. शहरातल्या लोकांना ते चित्रातलं लाकूड वाटते.

मत्तय 11:28-30 पूर्ण वाचा. कष्टी अन् भाराक्रांत लोकांना तो बोलावतो, विसावा देतो म्हणतो, अन् लगेच म्हणतो माझं जू घ्या अन् माझ्यापासून शिका. विसावा अन् जू एकाच जागी कसं? त्या काळात यहुदी लोक नियमशास्त्राच्या शिकवणुकीला जू म्हणायचे, म्हणजे एखाद्या गुरूचं जू घेणं म्हणजे त्याच्याकडे शिकायला राहणं. परूशी नावाच्या कडक यहुदी पंथाच्या लोकांनी त्यात इतके नियम भरले होते की येशू म्हणतो ते जड ओझी बांधून लोकांच्या खांद्यावर देतात अन् स्वतः बोट लावत नाहीत (मत्तय 23:4). त्याच्यासमोर तो आपलं जू सोयीचं आहे म्हणतो. सोयीचं म्हणजे मानेला बसणारं. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकानं लिहून ठेवलंय की येशू सुतारकाम करायचा तेव्हा नांगर अन् जू बनवायचा. ते वाचल्यापासून मला ही ओळ वेगळीच ऐकू येते. जू खरबरीत राहिलं तर बैलाच्या मानेचं काय होते हे ज्याच्या हाताला माहीत आहे तो माणूस सांगतोय की माझं जू टोचणार नाही.

अन् दुसरं. जू एका बैलाचं नसते. नवा गोऱ्हा कामाला लावायचा तर आपण त्याला जुन्या, शांत बैलाच्या जोडीला देतो. गोऱ्हा ओढाताण करते, तासातून बाहेर जाते, जुना बैल आपल्या चालीनं चालतच राहते, अन् हळूहळू गोऱ्ह्याला चाल कळते. त्या वचनात दुसऱ्या बाजूला येशूच आहे असं सरळ लिहिलेलं नाही, ही माझी समजूत आहे, पण "माझ्यापासून शिका, मी मनाचा सौम्य अन् लीन आहे" हे वाचलं की मला तो जुना बैलच दिसते.

कर्ज तसंच राहीन. लेकराची फी तशीच राहीन. फक्त ते एकट्यानं ओढायचं नाही, अन् ओढताना रागानं, खोटेपणानं ओढायचं नाही, ते तो शिकवते. पीक गेल्यावर काय, ते प्रश्न 13 मध्ये आहे.

8. मार्थेचं काय चुकलं? सैपाक कोणी करायचा मग?

बायका हा प्रश्न रागानं विचारतात अन् मला तो राग समजतो. येशू मार्था अन् मरीया या बहिणींच्या घरी आला, मार्था सैपाकाच्या धावपळीत होती अन् मरीया त्याचं ऐकत बसली, म्हणून मार्थेनं तक्रार केली. लूक 10:38-42 मध्ये येशू स्वयंपाकाला नाव ठेवत नाही, तुझी किती गोष्टींसाठी धावपळ अन् काळजी चाललीय एवढं म्हणतो. मरीया पायाजवळ बसली होती, अन् पायाजवळ बसणं म्हणजे त्या काळी शिष्य होणं, प्रेषित पौल सुद्धा गमलिएल नावाच्या गुरूच्या पायाजवळ शिकलो असं सांगतो (कृत्ये 22:3). बाईनं तिथं बसणं ही मोठी गोष्ट होती अन् येशू म्हणाला तिचा तो वाटा तिच्यापासून काढला जाणार नाही. मार्थाही मागं राहिली नाही, भाऊ लाजर मेला तेव्हा तू ख्रिस्त आहेस ही कबुली तिनंच दिली (योहान 11:27).

आमच्या बुधवारच्या प्रार्थनेत म्हणून नियम केला, जिच्या घरी बैठक तिनं फक्त चहा करायचा, तोही प्रार्थना झाल्यावर अन् दोघीतिघींनी मिळून. आधी पोह्यापासून भज्यांपर्यंत चढाओढ लागायची अन् घरची बाई वचनाच्या वेळी आत कढईजवळ असायची.

9. पेरणारा रस्त्यावर अन् दगडावर कशाले पेरते? असा कोणता कास्तकार असते?

आपण तिफणीनं नाहीतर ट्रॅक्टरच्या यंत्रानं पेरतो, सरकी टोबतो, त्यामुळं बी वाया घालवणारा माणूस खटकतो. तिथं हातानं फेकून पेरायचे. वावरातून पायवाट जायची, अन् पातळ मातीच्या खाली चुनखडीचा दगड असायचा जो वरून दिसत नाही. बी हातातून सुटलं की थोडं तिकडं जाणारच.

अर्थ येशूनंच मार्क 4:13-20 मध्ये सांगितला आहे म्हणून मी माझा वेगळा लावत नाही. एवढंच लक्षात आणून देते की बी सगळीकडे एकच आहे. काटेरी जमिनीबद्दल तो म्हणतो संसाराची चिंता अन् धनाचा मोह, अन् आपल्याकडे दोन्ही एकाच घरात असतात. निंदण एकदा करून भागत नाही हे पऱ्हाटीवाल्याला सांगायला नको.

10. आमच्या वावरात मजूर येतात. त्याबद्दल येशूनं काही शिकवलं का?

मत्तय 20:1-16 वाचा, द्राक्षमळ्यातले मजूर. तिथं मालक संध्याकाळ झाली की मजुरी द्यायला लावते, उद्या ये म्हणत नाही. जुन्या करारात तर मजुराची मजुरी रात्रभर ठेवून घेऊ नको अशी सरळ आज्ञाच आहे (लेवीय 19:13). वजनाचा काटा खरा, पैसे ज्या दिवसाचे त्या दिवशी, अन् प्यायचं पाणी एकाच माठातलं. यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या शमरोनी लोकांतल्या बाईच्या हातचं पाणी येशूनं मागून घेतलं होतं (योहान 4:7).

11. भावानं वावराचा हिस्सा दिला नाही. कोर्टात गेलो तर येशूची शिकवण मोडली का?

अगदी हाच प्रश्न एका माणसानं येशूला विचारला होता, माझ्या भावाला वाटणी करायला सांगा (लूक 12:13). येशू म्हणाला मला तुमचा वाटणी करणारा कोणी नेमलं, अन् मग लोभापासून जपा म्हणून कोठारं मोठी करणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. लोक यातून "हक्क सोडून दे" असा अर्थ काढतात अन् तो बहुतेक वेळा बहिणीलाच ऐकवतात. मला तो अर्थ मान्य नाही. लोभाचा इशारा हिस्सा दाबून बसलेल्यालाही आहे, आधी त्यालाच आहे.

रस्ता मत्तय 18:15-17 मध्ये आहे. आधी एकट्यानं जाऊन बोला, चावडीवर नाही, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत न्या, मग मंडळीसमोर. दोघंही विश्वासी असतील तर पौलानं कोर्टबाजीबद्दल 1 करिंथ 6 मध्ये फार खेदानं लिहिलंय, ते वाचूनच पाऊल टाका. एवढं करून न्याय मिळत नसेल तर कायद्याकडे जाणं पाप आहे असं मला वाटत नाही, लूक 18 मधली विधवा न्यायाधीशाच्या दारात सारखी जातच होती अन् येशूनं तिला चुकीचं म्हटलं नाही. माहितीसाठी, बाप मृत्युपत्र न करता गेला तर ख्रिस्ती घराला भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 लागू होते अन् त्यात मुलगा-मुलगी असा फरक नाही. कागद वकिलाला दाखवा. कोर्टात जाताना भावाबद्दल खोटं बोलायचं नाही अन् त्याच्या लेकरांशी बोलणं तोडायचं नाही, इथं खरी परीक्षा असते.

12. नवरा दारू पिऊन मारते. दुसरा गाल पुढं कर, सत्तर वेळा सात क्षमा कर असं शिकवलं ना?

ताई, आधी सुरक्षित जागी जा. 112 वर पोलीस, 181 वर महिला हेल्पलाइन. बाकीचं नंतर वाचा.

दुसरा गाल (मत्तय 5:39) म्हणजे बदला घेऊ नको. मार खात घरात राहा असं त्यात नाही. येशूला स्वतःला थोबाडीत मारली तेव्हा त्यानं विचारलं, मी बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस (योहान 18:23). नासरेथचे लोक त्याला कड्यावरून लोटायला निघाले तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला (लूक 4:29-30). आपली वेळ आली तेव्हा त्यानं जीव दिला, पण कोणाच्या रागाला स्वतःला उगाच सापडू दिलं नाही. क्षमा म्हणजे मनातला सूड सोडणं, अन् ती माहेरी बसून, पोलिसात तक्रार करून सुद्धा करता येते. घरगुती हिंसाचाराविरुद्ध 2005 चा कायदा आहे, त्यात घरात राहायचा हक्क पण मिळतो. कोणी मंडळीतलं येऊन "तू सहन कर, प्रार्थना कर, तो बदलेल" म्हणून परत पाठवत असेल तर तो येशूच्या नावावर स्वतःचं सांगतोय. माझ्या जवळच्या एका बाईला असंच परत पाठवलं होतं, मी तेव्हा गप्प राहिले, अन् ते मला आजही टोचते.

13. उपास केला, प्रार्थना केली, तरी पाऊस दडी मारून बसला, पीक गेलं. माझा विश्वास कमी पडला का?

नाही. येशूनं सांगितलंय देव पाऊस नीतिमानावर अन् अनीतिमानावर सारखाच पाडते (मत्तय 5:45), म्हणजे न पडणं हाही कोणाच्या विश्वासाचा निकाल नाही. बुरूज पडून 18 माणसं मेली तेव्हा ते जास्त पापी होते का असं त्यानं विचारलं अन् स्वतःच नाही म्हणाला (लूक 13:4-5). कोणाच्या पिकावरून, आजारावरून त्याच्या विश्वासाचं माप काढणारे लोक मंडळीतही आहेत. त्यांचं ऐकू नका.

अन् हे मी विदर्भात बसून लिहितेय म्हणून अजून एक गोष्ट लिहावीच लागते, कारण असा गाव सापडत नाही जिथं एखाद्या घराला आत्महत्येचा डाग नाही. गेथशेमाने बागेत येशू आपल्या तीन मित्रांना म्हणाला माझा जीव मरणाइतका खिन्न झालाय, इथं थांबा, माझ्यासोबत जागे राहा (मत्तय 26:38). आपला गुरू असं बोलला. त्यानं लपवलं नाही, पुरुषासारखा पुरुष म्हणून गप्प बसला नाही, सोबत मागितली. मित्र झोपले, ते त्यांचं चुकलं, पण त्यानं मागितली. जगणं नको वाटत असेल तर आज कोणाला तरी सांगा, बायकोला, भावाला, पाळकाला, नाहीतर 14416 वर फोन करा, सरकारचा टेलिमानस, फुकट आहे, मराठीत बोलतात. अन् शेजारच्या घरात कोणी असं गप्प झालेलं दिसलं तर आपण झोपलेले मित्र व्हायचं नाही. नुसतं जाऊन बसा. बोलायलाच पाहिजे असं नाही.

14. पोळा करायचा की नाही?

दरवर्षी पावसाळ्यात हा प्रश्न येतेच. मंडळ्यांचं मत एक नाही, काही म्हणतात काहीच करायचं नाही, काही म्हणतात पूजा सोडून बाकी चालते. आमच्या घरी आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोणी लावून शेकतो, पोळ्याला आंघोळ घालतो, गोड खाऊ घालतो, त्या दिवशी काम नाही, अन् देवाला धन्यवाद म्हणून एक भजन. आरती अन् पूजा नाही. नीतिमान आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो हे नीतिसूत्रात आहे (12:10). वर्षभर जू ओढलेल्या खांद्याला हात लावताना मला प्रश्न 7 मधलं वचन आठवतेच. तोरणाखाली बैल नेणारे शेजारी आपले वैरी नाहीत, त्यांच्या पुरणपोळीला नाक मुरडू नका. तुमचं मन ज्याला साक्ष देत नाही ते मात्र कोणाच्या दबावानं करू नका.

15. गावात किती महाराज, संत होऊन गेले, ते पण चांगलंच शिकवतात. मग येशूच काहून?

आधी हे कबूल करू की चांगलं ते चांगलंच. गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातले, गावात गेले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे, रात्री कीर्तन. शिकवण आधी हातानं दिली त्यांनी, हे मला पाय धुणाऱ्या येशूच्या फार जवळचं वाटते. सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींनी लिहिलंय की डोंगरावरचं प्रवचन सरळ त्यांच्या हृदयात गेलं. अन् रेव्हरंड टिळक म्हणायचे की ते तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आले.

येशूचं वेगळेपण काय विचाराल तर मी माझ्यापुरतं सांगते. दुसरे गुरू रस्ता दाखवतात, तो म्हणतो मीच रस्ता आहे (योहान 14:6), अन् मरून उठला म्हणून आजही सोबत चालून शिकवतो. हे वाद घालून पटवायचं नसते. शेजाऱ्याच्या श्रद्धेला नाव ठेवून येशूचं नाव मोठं होत नाही.

16. आमच्या गावात पाळक महिन्यातून एकदाच येतात. बाकी वेळ आम्ही कोणाकडून शिकायचं?

यवतमाळला एकेकाळी पाळक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, 1983 मध्ये ती पुण्याला गेली. आमच्या म्हाताऱ्या बाया अजून त्या दिवसांच्या गोष्टी सांगतात. पण दोघंतिघं माझ्या नावानं जमतात तिथं मी आहे असं त्यानं सांगितलंय (मत्तय 18:20), अन् पवित्र आत्मा सगळं शिकवेल, आठवण करून देईल असंही (योहान 14:26).

आमची पद्धत साधी आहे. एक जण शुभवर्तमानातला एक प्रसंग वाचते, दुसरी आपल्या शब्दात सांगते, मग तीन गोष्टी विचारतो, येशूनं इथं काय केलं, आपल्या गावात हे कुठं लागू होते, अन् पुढच्या बुधवारपर्यंत मी काय करणार. पुढच्या बुधवारी सुरुवात त्या तिसऱ्यापासून. जे समजत नाही ते वहीत लिहून पाळकसाहेब आले की त्यांना विचारतो.

17. युट्यूबवरचे एक पास्टर म्हणतात विश्वासाचं बी म्हणून पैसे पाठवा, दहापट परत येईल. खरं का?

पाठवू नका. पेरणाऱ्याच्या दृष्टांतात बी म्हणजे वचन, पैसा नाही (प्रश्न 9 बघा). येशूनं कोणाला बरं करायचे पैसे घेतले नाहीत अन् शिष्यांना सांगितलं फुकट मिळालं, फुकट द्या (मत्तय 10:8). खोटे शिक्षक त्यांच्या फळांवरून ओळखा म्हणाला (मत्तय 7:15-16), अन् मोबाईलवर फळ दिसत नाही, तो माणूस घरी कसा वागतो, मजुराला कसा बोलतो ते आपल्याला कळत नाही. चांगलं प्रवचन जरूर ऐका. पण ज्याच्या सांगण्यावरून तुम्ही उधारीचा पैसा, बियाण्याचा पैसा पाठवायला निघालात, तिथं थांबा अन् गावातल्या कोणाला तरी विचारा.

18. तेच तेच चुकते. राग आवरत नाही. किती वेळा नापास झालं की तो काढून टाकीन?

पेत्रानं एका रात्रीत तीनदा मी त्याला ओळखत नाही म्हटलं. नंतर समुद्राच्या काठावर येशूनं विस्तव पेटवून मासळी अन् भाकर तयार ठेवली, आधी जेवू घातलं, मग तीनदा एकच विचारलं, माझ्यावर प्रेम करतोस का (योहान 21:9-17). झालेल्या चुकीबद्दल एक शब्द नाही, लगेच काम दिलं. रागाचं म्हणाल तर ज्याच्यावर ओरडलात त्याच्याकडे त्याच दिवशी जाऊन चुकलं म्हणा, पोरगं सहा वर्षाचं असलं तरी. हे मी करते म्हणून सांगते, फार जड जाते, अन् तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर तोंड उघडायच्या आधीच ते जड आठवते.

19. मी ख्रिस्ती नाही, बाप्तिस्मा घेतला नाही, घरच्यांना पण माहीत नाही. तरी येशूबद्दल शिकायला बसलो तर चालीन का?

चालीन. निकदेम नावाचा यहुद्यांचा पुढारी येशूकडे रात्रीच आला होता, बहुतेक लोक बघतील म्हणून, अन् येशूनं त्याला दिवसा ये म्हटलं नाही, त्याच रात्री त्याच्याशी बोलला (योहान 3). योहान 7:50 मध्ये तो सभेत येशूच्या बाजूनं एकच वाक्य बोलतो, भीतभीत. मग 19:39 मध्ये, शिष्य पळून गेले तेव्हा, तोच सगळ्यांसमोर येशूला पुरायला गंधरस अन् अगरू घेऊन आला, त्या काळच्या मापानं शंभर शेर, म्हणजे आजचे तीस किलोच्या वर. मधे किती दिवस गेले ते लिहिलेलं नाही. आमच्या बुधवारी मागच्या दाराजवळ एक ताई बसते, दोन वर्षं झाली, तिला अजून कोणी काही विचारलेलं नाही.